शेवटची सात मिनिटं

जुलैमध्ये कुडाळात चार दिवस पाऊस हटला नव्हता, तेव्हा नाना दुकानात आले. पिशवीत पिशवी, आणि तिच्यात दोन डीव्हीडी. नाना दशावतारात पखवाज वाजवतात. म्हणाले, "ह्येच्यात काय गावता काय बघ रे बाबा. प्लेअरात घातली की थयच अडाकता."

2007 सालच्या जत्रेतला धयकालो, म्हणजे दशावताराचा प्रयोग, होता तो. कुणीतरी हँडीकॅमवर शूटिंग करून दिलेला. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर उभा राहून त्या रात्री ते रचतो. त्या रात्रीचा राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, आता नाही. कंपनीतला नवा पोरगा राजा करतो, त्याला तो कसा बोलायचा ते ऐकायचं होतं. वही नाही, दुसरी कॉपी नाही. हे कळल्यावर मी हातातलं प्रिंटरचं काम बाजूला सारलं.

पहिली डिस्क वरून बुरशीने भरलेली, पण डीव्हीडीत ही बुरशी फारशी नडत नाही. 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि डेटाचा थर त्यांच्या मधे असतो. सीडीचं तसं नाही, तिचा थर लेबलाच्या बाजूला वार्निशच्या पातळ लेपाखाली असतो, तिथे ओरखडा गेला की डेटाही गेला. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड घेतलं. मधून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवून नाही. अर्ध्या तासात पूर्ण डिस्क कॉम्प्युटरवर उतरली.

दुसरीने रडवलं. उजेडात धरली तर कडेला पांढुरकी कोर दिसत होती. तिथे चिकटलेल्या चकत्या सुटायला लागून दमट हवा आत शिरली होती. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि ही काठोकाठ भरलेली, म्हणजे नासलेला भाग नेमका आख्यानाचा शेवट. वर कागदी लेबल फुगलेलं. ते ओढून काढायचा मोह मी आवरला, कारण त्या ओढीने चकत्या आणखी सुटल्या असत्या. त्यापेक्षा रायटरचा, म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हचा, वेग 2एक्सवर आणला, म्हणजे डिस्क डुगडुगणार नाही.

साधं कॉपी-पेस्ट अशा डिस्कवर करू नये. पहिल्याच खराब जागी ड्राइव्ह डोकं आपटत बसतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर लावलं. ते आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतं, अडलेलं मागे ठेवतं आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत लिहितं. संध्याकाळपर्यंत 310 एमबी सोडून सगळं हाती आलं. त्या 310 एमबीत शेवटची सात मिनिटं होती.

रात्री उलट बाजूने, म्हणजे कडेकडून आत, वाचायला लावलं. एक वाजता लाईट गेली. यूपीएसने दहा मिनिटं काढली आणि मान टाकली. तो नकाशा नसता तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती. पहाटे लाईट आली, काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेलं. सकाळी 120 एमबी बाकी.

मग भंगारात काढलेला जुना डेस्कटॉपचा रायटर जोडला. एका ड्राइव्हला न वाचता येणारं दुसऱ्याला वाचता येतं, हे मी बऱ्याचदा बघितलंय. तोच नकाशा, तीच इमेज, म्हणजे डिस्कची फाइलीतली प्रत, फक्त ड्राइव्ह वेगळा. दुपारपर्यंत 9 एमबी उरले आणि तिथून पुढे हलेना. डीव्हीडीवरची चूकदुरुस्ती 16 सेक्टरांच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या, गठ्ठ्याने होते. एक गठ्ठा हाताबाहेर गेला की ते सोळाही एकदम जातात. मी थांबलो. 9 एमबी म्हणजे साधारण बारा सेकंद, तीन ठिकाणी विखुरलेले. झिप फाइल असती तर एवढ्यानेही तिच्यातलं काही ना काही उघडेनासं झालं असतं. व्हिडिओ मात्र चौकड्या दाखवत पुढे सरकतो.

नानांना बोलावलं. राजा पडद्यापुढे आला, बोलायला लागला, आणि नानांची बोटं माझ्या काउंटरवर चालू झाली. एका वाक्याच्या ऐन मध्यावर चित्र फुटलं, आवाज तुटला, मग पखवाजाची थाप ऐकू आली.

मी विचारलं, "नानानू, ही रिकामी जागा कापून दोन्ही तुकडे जोडून देऊ? ऐकायला बरं पडेल."

"नको," ते म्हणाले. "जोडलंस तर त्येचा वाक्य दुसराच होतला. पोराक कळांदे, हय कायतरी होता."

तीन जागा तशाच ठेवून मी दोन हार्ड डिस्कवर कॉपी काढल्या.