दाढ दुखते म्हणून हिरडी भाजू नका हो

दाढ ठणकायला लागली की माणसं रात्री काय काय करतात ते मी क्लिनिकमध्ये सारखं बघते, आणि खरंच जीव तुटतो, कारण दाढेचं दुखणं राहतं बाजूला आणि त्या उपायांनीच तोंडाची वाट लागलेली असते. सगळ्यात जास्त दिसतं ते अ‍ॅस्पिरिन. गोळी गिळायची सोडून लोक ती दुखऱ्या दाढेजवळ गालात दाबून ठेवतात आणि तसेच झोपतात. अहो, ते अ‍ॅसिड आहे, अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक अ‍ॅसिड, विरघळेल तसं हिरडी नि गालाची आतली नाजूक त्वचा भाजत जातं. सकाळी पेशंट येतो तेव्हा तिथे पांढरा सुरकुतलेला चट्टा असतो, गॉजने नुसतं टेकवलं तरी साय निघावी तसा सुटून येतो आणि खाली लालभडक मांस. दाढ मात्र ठणकतेच आहे, कारण ही गोळी पोटातून रक्तात गेली तरच काम करते.

लवंग तेलाचं पण तसंच. त्यातलं युजेनॉल आम्ही डेंटिस्टसुद्धा वापरतो, झिंक ऑक्साइडमध्ये कालवून, पण घरी लोक कापसाचा बोळा निथळेपर्यंत भिजवून तासन्‌तास ठेवतात, मग हिरडी पोळणारच ना. फेणी, म्हणजे काजूची दारू, तोंडात धरून बसणारे आजोबा तर आपल्याकडे गोव्यात गावोगाव. आणि तंबाखूत मळलेला चुना, त्याचा पीएच १२च्या आसपास असतो, म्हणजे जबर अल्कली, रोज एकाच जागी ओठामागे ठेवला की तिथली त्वचा जाड, पांढरी होते. हा चट्टा पुसून निघत नाही, आणि तंबाखू असल्यामुळे याला भाजलंय म्हणून सोडून देऊच नका, लगेच दाखवा.

आता काजूचा सीझन आला की पोरांना सांभाळा. बोंडू (काजूचं फळ) खाऊ देत की, पण कच्ची बी दाताने फोडायची नाही म्हणजे नाही. टरफलात जे तेल असतं त्यात अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड नि कार्डॉल असतं (बिबा आणि काजू एकाच कुळातले, बिबा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल). ओठ टम्म सुजतात, कोपऱ्यात फोड येतात. एक आई पोराला घेऊन आलेली, विचारते, "डॉक्टर, खोबरेल चोळलं तर चालेल ना?" चोळायचं काहीच नाही बाई, टरफलातलं तेल आणखी पसरतं. ओठ नि हात साबणाने धुवायचे, तोंडात पाणी घेऊन थुंकायचं, पुन्हा पुन्हा. लिंबू, सोडा असलं उलटं काही लावून मारायला जाऊ नका. ड्रेन क्लीनर किंवा बॅटरीचं अ‍ॅसिड तोंडात गेलं असेल तर उलटी अजिबात काढायची नाही, तोंड धुवून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

गरम चहाने टाळू पोळली तर बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप भरते, गार पाणी तोंडात फिरवत राहायचं, बास. पण रोजच उकळता चहा पिणाऱ्यांनी जरा ऐका, ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारण ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय. कप दोन मिनिटं बाजूला ठेवा ना.

भाजल्याचा चट्टा भरेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, तिखट हुमण (माशाची कढी) आणि सोलकढी थोडे दिवस नको, पेज बरी. दोन आठवड्यांत भरलं नाही तर जवळच्या डेंटिस्टकडे जा, नाहीतर बांबोळीला डेंटल कॉलेज आहेच, आणि जाल तेव्हा ती मूळची दाढ पण दाखवा.