एसीएल तुटल्यावर ऑपरेशन करू की नको, यात गेलेले चार महिने

आम्ही मातीवर कबड्डी खेळलेली पोरं, मॅटची सवय नाही. गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या स्पर्धेत चढाई करून मागं वळलो, बूट मॅटला चिकटून राहिला आणि अंग तेवढं फिरलं. कट्ट असा आवाज झाला, पकडायला आलेल्या पोरालापण ऐकू गेला म्हणे. दोन तासांत गुडघा नारळाएवढा. मावशी फोनवर म्हणाली हाडवैद्याकडं जाऊन चोळून घे, बरं झालं गेलो नाही.

एमआरआयत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारी दोरी, पूर्ण तुटलेली, गादी म्हणजे मेनिस्कस मात्र शाबूत. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा न लावता रिपोर्ट बघून सांगितलं, गुरुवारी करून टाकू, इन्शुरन्स आहे ना? तो इन्शुरन्सचा प्रश्न मला खटकला. कराडहून पुण्याला दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी दोन्ही पायांच्या नडग्या आळीपाळीनं पुढं ओढून बघितल्या, फरक मलाच दिसला. मग म्हणाले, "परत कबड्डी खेळायचीय?" मी गप्प, वय 36, बायकोच म्हणाली, "नाही."

मग घाई नको म्हणाले, सूज असताना, पाय पूर्ण सरळ होत नसताना कापलं तर गुडघा आखडायची भीती जास्त. स्वीडनमधला 2010 चा अभ्यास सांगितला, 121 तरुण, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन आणि बाकीच्यांना आधी व्यायाम, लागलंच तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्हीकडच्यांचे गुडघे साधारण सारखेच, आणि व्यायामवाल्या 59 पैकी 23 जणांनीच ऑपरेशन करून घेतलेलं. पण एक अट घातली, गुडघा सटकायला लागला तर अंगावर काढू नका, सटकता सटकता गादी फाटते.

तीन महिने फिजिओ केलं. पहिल्याच दिवशी तिनं टेपनं मांडी मोजली, दुखऱ्या पायाची 3 सेंमी कमी, एवढ्यात मांडी इतकी सुकते हे मला माहीतच नव्हतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दिवसातून शंभरदा, कंटाळा यायचा पण केलं. चालणं, जिने, सायकल सगळं जमायला लागलं, मी तर घरात जाहीरच करून टाकलं की ऑपरेशन कॅन्सल.

आणि मग एका सकाळी गॅसवर दूध उतू जायला लागलं म्हणून झटकन वळलो, पाय फरशीवर तसाच आणि वरचं हाड जागचं हललं, म्हणजे मला तसंच वाटलं, ओट्याला धरलं म्हणून पडलो नाही. चार दिवस परत सूज. पुढच्या पंधरवड्यात एसटीतून उतरताना पुन्हा तेच, हातात पोराचं दप्तर. सरळ रेषेतलं सगळं येत होतं, वळणं येत नव्हतं, आणि घरात माणूस दिवसभर वळतच असतो की.

त्या रात्री बायकोला म्हटलं करून टाकू. पुण्याच्याच डॉक्टरांकडं केलं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून आत बसवली. तीन महिन्यांची मेहनत वाया गेली का विचारलं तर म्हणाले, उलट मांडी तयार असली की पुढचं सोपं जातं. कॅशलेसमध्ये ऑपरेशन बसलं, फिजिओ नाही बसलं, तो खर्च आधी धरून ठेवा. आता सातवा आठवडा आहे. गुडघ्यापेक्षा जिथून दोरी काढली तिथंच जास्त ओढतं, आणि परवा टेप लावली तर मांडी परत 4 सेंमी कमी.