जिप्सी किंग: क्लचचं काम करून आणल्यावर गिअर अडकायला लागले, आत्तापर्यंत काय काय सापडलं

बरेच जण विचारत होते जिप्सी कुठपर्यंत आली, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. आधी आजची स्थिती सांगतो. गाडी चालतीय, पहिला आणि रिव्हर्स थंड इंजिनवर पण आणि गरम इंजिनवर पण आवाज न करता पडतात, क्लच पेडल हलकं झालंय, दुसऱ्या गिअरचं जरासं बाकी आहे. गिअरबॉक्स उघडावा लागला नाही. ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण गॅरेजवाला तो उघडायला निघाला होता.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी, एमजी४१३डब्ल्यू म्हणजे १९९६ ला आलेली मारुतीची जिप्सी किंग, १२९८ सीसी, माझी कार्ब्युरेटरवाली, पाच गिअर. गिअरबॉक्स इंजिनला जोडलेला आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) मागं वेगळी, मध्ये छोटा प्रॉपेलर शाफ्ट. क्लच वायरवर चालतो, हायड्रॉलिक नाही. परदेशात जी सुझुकी सामुराई म्हणून विकली गेली तिच्याच घराण्यातली ही, त्यामुळं सामुराईवाल्यांनी लिहिलेलं बरंचसं इथं जसंच्या तसं लागू पडतं.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्यावर रेस वाढायची आणि गाडी मात्र तेवढीच, म्हणजे क्लच स्लिप होत होता हे स्पष्ट होतं, प्लेट संपलेली. म्हणून गॅरेजला दिली, गिअरबॉक्स खाली उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळा सेट नवीन टाकला. इथपर्यंत काम बरोबरच होतं. स्लिप गेली. पण गाडी ताब्यात घेतली तेव्हापासून पेडल जड, पहिला टाकायला दोनदा प्रयत्न आणि रिव्हर्स टाकला की कर्रर्र आवाज. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, नवीन प्लेट आहे, मुरली की मोकळी होईल."

हे मुरणं थोडंफार खरं असतं, नवीन प्रेशर प्लेटला पेडल जरा कडक लागतं आणि बाईट (क्लच पकडायला लागतो ती जागा) वेगळीकडं येते, त्याला आठवडा दोन आठवडे द्यायला हरकत नाही. पण रिव्हर्सची खरखर मुरत नाही. या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग) नाही, त्यामुळं क्लच पूर्ण दाबल्यावर प्लेट खरंच सुटतीय का हे सांगायला रिव्हर्ससारखा साक्षीदार नाही. क्लच तळाला दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग हळू रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला पाहिजे. तरी दाते वाजत असतील तर इंजिन अजून शाफ्टला फिरवतंय, म्हणजे क्लच सुटत नाहीये.

परत नेली तर त्यांनी वायरचा नट ताणून दिला. पेडलची ढील पूर्ण गेली आणि दोन दिवस गिअर बरे पडले. हा उपाय मला अजिबात पटलेला नाही. पेडलला वरच्या बाजूला साधारण २० ते ३० मिमी फ्री प्ले लागतो, तो काढून टाकला की रिलीज बेअरिंग कायम प्रेशर प्लेटला टेकून फिरत राहतं, ते लवकर जातं आणि नवीन प्लेट पण अर्धवट दाबल्यासारखी राहून परत स्लिप व्हायला लागते. म्हणजे ज्या कामासाठी पैसे दिले तेच काम खराब करायचं. आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं की सिंक्रो गेलेत, बॉक्स खोलावा लागेल, पार्ट मिळेपर्यंत गाडी इथंच ठेवा. तिथं मी थांबलो आणि गाडी घरी आणली.

आता कुणी गिअरबॉक्स खोला म्हटलं की आधी ही टेस्ट करा, हात जोडून सांगतोय. इंजिन बंद करा आणि उभ्या गाडीत सगळे गिअर टाकून बघा. पाचही आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडले (एखादा अडला तर गाडी जराशी पुढंमागं ढकलून परत बघायचा), आणि इंजिन चालू केल्यावर तेच गिअर अडायला लागले, तर शिफ्टर, लिव्हरचा बुश, आतले फोर्क यांच्यावर संशय घ्यायचं कारण राहत नाही, दोष क्लच न सुटण्याचा आहे. इंजिन बंद असतानाही अडत असतील तर मग लिव्हर आणि बॉक्सकडं बघा. आणि उभ्या गाडीत सगळं छान पण चालत्या गाडीत एकच ठराविक गिअर खरखरतो, तर त्या गिअरचा सिंक्रो किंवा ऑइल. माझ्याकडं इंजिन बंद असताना सगळं मोकळं होतं. पहिला आणि रिव्हर्स दोन्ही उभ्या गाडीत त्रास देत होते, चालत्यात पहिल्यावरून दुसरा थोडा, वरचे ठीक.

दुसरी टेस्ट, मागची दोन्ही चाकं उचलून चासीखाली घोड्या लावल्या (विटा लावू नका, कृपा करून लावू नका), पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली, ट्रान्सफर टू-व्हीलवर, कुणालातरी आत बसवून क्लच पूर्ण दाबून पहिला टाकायला लावला. मागची चाकं फिरत होती, आणि ब्रेकवर हलकासा पाय ठेवला तर इंजिनचा आवाज दबत होता. क्लच सुटलेला असता तर ब्रेकनं इंजिनला काही फरक पडला नसता.

मग कारणांची यादी डोक्यात केली. प्लेट उलटी बसलीय, हबची बाजू फ्लायव्हीलकडं आलीय. बॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकत राहिलं आणि प्लेट वाकली, हे फार होतं, एकटा माणूस जॅकवर बॉक्स चढवत असला की हमखास. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस नाही म्हणून प्लेट शाफ्टवर सरकत नाही. फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग जाम झालंय, ते इंजिनच्या वेगानं शाफ्टला ओढत राहतं, क्लच सुटला तरी. यातलं प्रत्येक बघायला बॉक्स परत खाली घ्यावा लागतो. आणि बाहेरून बघण्यासारखी गोष्ट एकच, वायर. म्हणून वायरपासून सुरुवात.

वायर दोन्हीकडून सोडली आणि आतली तार हातानं ओढली तर ती ओढलीच जात नव्हती! बाहेरचं कव्हर वरून बरं होतं. कापून बघितलं तर आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटलेलं, काही ठिकाणी तपकिरी पडलेलं. म्हणजे पेडल तळाला जात होतं पण त्यातली बरीचशी हालचाल वायरच खात होती, फोर्कपर्यंत पूर्ण पोचतच नव्हती. नवीन वायर टाकली, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब फिरवली, वळण मोठं ठेवलं, ढील नीट लावली. पेडल हलकं, रिव्हर्स गुपचूप पडला. मी खूश.

आणि मग महिन्याभरात परत जड व्हायला लागलं. नवीन वायर, नीट फिरवलेली, तरी तसंच.

इथं ट्रॅक्टर आणि ट्रकची वायरिंग करणारे आमच्या ओळखीतले एक काका कामाला आले. त्यांना नुसतं सांगितलं वायर आत वितळतीय, तर गाडी न बघताच त्यांनी विचारलं, "सेल्फ मारल्यावर वायर गरम लागती का?" बघितलं नव्हतं. सेल्फ दोन-तीनदा मारून हात लावला तर चांगली कोमट, एका टोकाला चटका बसण्याइतकी. काका म्हणाले, "मग तुझ्या इंजिनाला अर्थ न्हाई. करंट वायरीतनं परत जातोय."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितो. स्टार्टर मोटर शंभरच्या वर अँपिअर ओढते. तिचा प्लस बॅटरीवरून जाड केबलनं येतो, मायनस मात्र तिच्या स्वतःच्या बॉडीतून इंजिनमध्ये, आणि इंजिनमधून अर्थ केबलनं बॅटरीला. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून ती अर्थची पट्टी किंवा केबल असतेच. ती नसली तरी गाडी सुरू होते! कारण इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं धातूचं दुसरं काहीतरी असतंच, क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर वायर, चोक वायर. त्यातली सगळ्यात जाड क्लच वायर, म्हणून बहुतेक सगळा भार तिच्यावर. पोलादाची तार तांब्यापेक्षा करंटला खूप जास्त अडवते, म्हणून तापते, आणि आतलं अस्तर वितळतं. शिवाय अल्टरनेटरचा मायनस पण इंजिनमधूनच जातो, म्हणजे गाडी चालू असेपर्यंत चार्जिंगचा करंट पण त्याच वायरीतून वाहतोय.

मीटरनं खात्री केली. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारला. चांगल्या अर्थिंगला हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, माझ्याकडं दोनच्या वर जात होता. मग जंपर केबलचं एक टोक बॅटरी मायनसला आणि दुसरं इंजिनला लावून परत सेल्फ मारला, इंजिन इतकं जोरात फिरलं की मला आवाजातच फरक कळला. गॅरेजमधून आल्यापासून सेल्फ जरा दमल्यासारखा वाटत होता आणि मी बॅटरीला वय झालं असं धरून चाललो होतो.

गाडी देण्याआधी मी इंजिनखालचे फोटो मोबाइलवर काढलेले होते, ते काढून बघितले. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्समधलं क्लचवरचं कव्हर) एका बोल्टाखाली विणलेली तांब्याची पट्टी स्पष्ट दिसतीय. आता त्या जागी बोल्ट आहे, घट्ट आहे, पट्टी नाही. बॉक्स उतरवताना सुटली आणि चढवताना राहिली. बॉडीच्या बाजूचं टोक पण नाहीये, त्यामुळं ती कुठं गेली कळायला मार्ग नाही. गॅरेजला फोन करून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढं काही नाही. मला त्रास याचा झाला की एका पट्टीसाठी चांगला चाललेला गिअरबॉक्स उघडला गेला असता. आत काही सापडलं नसतं, तरी सिंक्रो बदलून बिल झालं असतं, आणि पट्टी नाहीच म्हणून गाडी परत तशीच.

नवीन पट्टी बॅटरीच्या दुकानात मिळाली. बोल्टाची जागा आणि चासीची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, रंग आणि गंज राहिला तर पट्टी लावून उपयोग नाही. वरून ग्रीसचा हात. त्याशिवाय इंजिनपासून थेट बॅटरी मायनसला एक जाड केबल जादा टाकली, पावसाळ्यात चिखलातून फिरणाऱ्या गाडीला ही जादा केबल असावीच असं माझं मत आहे. मीटरवर आकडा एकदम खाली. मग परत नवीन क्लच वायर, कारण मी आधी टाकलेली अर्धी भाजलेलीच होती. तेव्हापासून वायर थंड, पेडल हलकं, रिव्हर्स शांत. घोड्यांवर चढवून परत टेस्ट केली, क्लच दाबल्यावर चाकं ब्रेकच्या नुसत्या स्पर्शानं थांबतात आणि इंजिनला कळत पण नाही. म्हणजे प्लेट, पायलट बेअरिंग, सगळं आतलं ठीक आहे. बसवणाऱ्यानं ते काम चांगलं केलं होतं, हे पण लिहिलं पाहिजे.

राहिला दुसरा गिअर. सकाळी थंड असताना पहिल्यावरून दुसरा टाकताना खर्र करायचा, पाच-सहा किलोमीटरनंतर बंद. थंडीतच त्रास म्हणजे ऑइल. ड्रेन केलं तर घट्ट काकवीसारखं, डिफरन्शिअलचं जाड ऑइलच बॉक्समध्ये पण ओतलेलं दिसलं. एकाच कॅनमधून सगळीकडं ओतायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. डिफरन्शिअलच्या हायपॉइड दात्यांना (एकमेकांवर घसरत फिरणारे तिरके दाते) जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, बरोबर आहे. पण बॉक्सची गोष्ट वेगळी, तिथं सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या कोनवर घासून वेग जुळवते, त्यासाठी मधला ऑइलचा थर पटकन तुटायला पाहिजे. ऑइल फार जाड किंवा फार निसरडं असलं की रिंग नुसतीच घसरते, वेग जुळत नाही आणि दाते वाजतात. शिवाय जीएल-५ मधली काही अ‍ॅडिटिव्ह पितळेला दीर्घकाळ चांगली नाहीत. म्हणून जीएल-४, ८०डब्ल्यू-९० भरलं, बॉक्समध्ये साधारण १.३ लिटर बसतं, फिलर भोकाच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं. आणि भरायचं बूच आधी उघडून बघा, मगच ड्रेन सोडा, फिलर जाम असेल तर गाडी रिकाम्या बॉक्सनिशी उभी राहील.

फरक लगेच पडला. आता सकाळी पहिल्या दोन-तीन वेळेला दुसरा जरासा अडखळतो, घाई न करता न्यूट्रलला क्षणभर थांबून टाकला की बिनआवाज जातो. जुन्या ऑइलमध्ये पितळेची थोडी चमक होती, तुकडे नव्हते. हे ऑइल हजारेक किलोमीटरवर काढून परत जीएल-४ च भरणार, म्हणजे आतलं उरलेलं जाड ऑइल पण निघून जाईल. त्यानंतरही दुसरा सुधारला नाही तर सिंक्रो रिंग झिजलीय असं मानेन, पण तेवढ्यासाठी घाईनं बॉक्स काढणार नाही, पुढं कधी क्लचसाठी बॉक्स खाली येईल तेव्हाच करेन.

पुढचं काम ट्रान्सफर केसचे रबर माउंट, एक फाटलंय, रेस सोडली की खालून धप्प असा आवाज येतो. ओरिजिनल माउंट कुणाला साताऱ्यात, कोल्हापुरात किंवा पुण्यात मिळाले असतील तर दुकानाचं नाव सांगा. आणि ज्यांनी अलीकडं क्लचचं काम करून घेतलंय त्यांनी सेल्फ मारून एकदा क्लच वायरला हात लावून बघा, मीटर नसला तरी चालेल. कोमट लागली तर इथं कळवा, अर्थ केबल कुठं लावायची त्याचे फोटो टाकतो.