ॲपल टूवर ‘ब्रेकआउट’ चालवताना: माझा अनुभव

ॲपल टू या जुन्या होम कॉम्प्युटरच्या जानेवारी १९७८च्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘रेड बुक’ म्हणतात त्यात, ब्रेकआउटचं, म्हणजे बॅटने चेंडू टोलवून विटा फोडायच्या गेमचं, अख्खं लिस्टिंग (प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी) छापलेलं आहे. अटारीच्या आर्केड ब्रेकआउटचं हार्डवेअर जुळवणाऱ्या स्टीव्ह वॉझ्निॲकने ॲपल टूमध्ये रंग, स्पीकर आणि पॅडल (बॅट हलवायची फिरती खुंटी) घातले, ते हाच गेम बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिता यावा म्हणून. हे लिस्टिंग मी आधी ॲपलविन एम्युलेटरवर (पीसीवर ॲपल टूची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवलं आणि मग खऱ्या मशीनवर, घरी बनवलेलं पॅडल लावून.

पहिला अडथळा बेसिकचा. ॲपल टूवर दोन बेसिक चालतात: फक्त पूर्णांक जाणणारं इंटिजर आणि ॲपलसॉफ्ट. लिस्टिंग इंटिजर बेसिकमधलं आहे. स्क्रीनवर ‘]’ दिसत असेल तर तुम्ही ॲपलसॉफ्टमध्ये आहात, तिथे टाइप करू नका. ‘>’ दिसायला हवं. ॲपलविनच्या सेटिंगमध्ये मूळ ॲपल टू निवडलं की सुरुवातीला नुसता कचरा दिसतो. रीसेट दाबून ‘*’ आलं की कंट्रोल-बी आणि एंटर. डॉस ३.३ (डिस्क चालवणारी सिस्टीम) लोड केलेलं असेल तर ‘आयएनटी’ एवढी कमांड पुरते. मशीनमध्ये इंटिजर बेसिक पुरवणारं लँग्वेज कार्ड किंवा इंटिजर कार्ड नसेल तर मात्र ‘लँग्वेज नॉट अव्हेलेबल’ येतं.

ॲपलसॉफ्टमध्ये हे का चालत नाही, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण काही ठिकाणी बिघडतं तेव्हा एररसुद्धा येत नाही. इंटिजरमध्ये ‘इफ’ची अट खोटी ठरली तरी कोलनपुढचा मजकूर चालतो. ॲपलसॉफ्ट उरलेली सगळी ओळ सोडून देतं. पॅडल वाचणाऱ्या सबरुटीनमध्ये (पुन्हा पुन्हा बोलावल्या जाणाऱ्या तुकड्यात) एकाच ओळीवर ‘शून्याखाली गेलं तर शून्य कर’, मग रंग, मग बॅट काढणं असं सलग लिहिलंय. ॲपलसॉफ्टमध्ये ती अट बहुतेक वेळा खोटी, म्हणून बॅट दिसतच नाही. त्यात भर म्हणजे तिथे ‘मॉड’ (भागाकाराची बाकी) नाही आणि भागाकाराला अपूर्णांक येतात. इंटिजरमध्ये टाइपिंगची चूक एंटर दाबताक्षणी ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून कळते, त्यामुळे एकेक ओळ शांतपणे टाकत गेलं तर काम लवकर होतं.

मला सगळ्यात आवडलेली जागा चेंडूच्या हिशोबाची. मैदान ४० बाय ४० ठोकळ्यांचं आणि आडवं: बॅट डाव्या कडेला उभी, विटा उजवीकडे. बेसिकमध्ये दशांश नाहीत, म्हणून चेंडूची उंची ० ते ११९ अशी तिप्पट मोजायची आणि काढताना ३ने भागायचं. बॅट ६ ठोकळ्यांची. चेंडू तिच्या कितव्या ठोकळ्यावर लागला (पहिला ठोकळा ०, शेवटचा ५) त्याची दुप्पट करून ५ वजा करायचे. उत्तरं येतात −५, −३, −१, १, ३, ५. सहा ठोकळे, सहा कोन, आणि शून्य कधीच नाही, म्हणून बॅटवरून चेंडू अगदी सपाट जात नाही. एवढं सगळं एका छोट्या सूत्रात!

आवाजासाठी वेगळी कमांड नाही. −१६३३६ हा मेमरीतला पत्ता ‘पीक’ केला, म्हणजे वाचला, की स्पीकर एकदा हलतो. खरा पत्ता ४९२००, पण इंटिजर बेसिक ३२७६७च्या वर जात नाही, म्हणून त्यातून ६५५३६ वजा करून लिहायचा.

आता पॅडल. गेम सॉकेट बोर्डवरच आहे, १६ पिनांचं. पिन १वर +५ व्होल्ट, पिन ६वर पॅडल शून्य, म्हणजे पहिलं पॅडल. या दोघांमध्ये पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) जोडायचा. पॅडलच्या पिना सहज वाकतात, म्हणून मध्ये एक साधं आयसी सॉकेट ठेवलं. जोडताना आणि काढताना मशीन बंदच हवं. या गेमला बटण लागत नाही.

मूळ पॅडलमध्ये १५० किलोओमचा पॉट असतो. मला तो मिळाला नाही, १०० किलोओमचा सहज मिळाला. तो लिनिअरच घ्या (फिरवाल तितका सारखा बदलणारा). लॉग घेतला तर अर्ध्या फेऱ्यात बॅट जेमतेम सरकते आणि पुढे उडी मारते. दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून पीडीएल(०), म्हणजे पॅडलचा आकडा, सतत छापत पॉट फिरवला, तेव्हा आकडा १९८च्या वर जाईना. गेममधलं सूत्र पीडीएलमधून ५ वजा करून ६ने भागतं, आणि बॅट तळाला टेकायला उत्तर ३४, म्हणजे आकडा २०९ लागतो. माझं उत्तर ३२वर थांबायचं, त्यामुळे खालच्या दोन ओळी उघड्या राहिल्या आणि तिथून चेंडू निसटत राहिला.

पॉटला सीरीजमध्ये रेझिस्टर लावू नका. कमाल आकडा वाढतो, पण किमानही वाढतो आणि बॅट वरच्या कडेला पोचत नाही. त्याऐवजी सूत्रातला ६ काढून ५ केला. आता १७५लाच बॅट तळ गाठते, पॉटचा शेवटचा थोडा फेरा रिकामा जातो.

आकडे एका जागी स्थिर न राहता नाचत असतील तर पॉटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून तो टोकापासून टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवा. एक-दोन आकड्यांची थरथर भागाकारात बहुतेक जिरते, त्याहून जास्त असेल तर बॅट थरथरताना दिसते.