वालाला रात्र हवी

५ मार्च
आज वाफे उकरायला घेतले. इंग्लंडमधल्या लेस्टरची माती चिकण, मार्चमध्ये हाताला गारठलेली लागते. मूठभर घेऊन दाबायची. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारून फुटला नाही, तर पेरणीचं नाव काढायचं नाही. आज फुटला नाही. म्हणून दिवसभर फक्त तण.

इथली ‘अ‍ॅलॉटमेंट’ ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवते. गावाच्या कडेला काउन्सिलची मोठी मोकळी जमीन असते, तिचे तुकडे पाडून लोकांना वर्षाच्या भाड्याने भाजीपाल्यासाठी देतात. लोकांची मागणी असेल तर अशी जमीन मिळवून देणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी, असं १९०८ च्या कायद्यानेच म्हटलं आहे. मापं अजून जुनीच, रॉडमध्ये. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. माझा त्याच्या अर्धा. अट एकच महत्त्वाची: जमीन कसलेली दिसली पाहिजे. पडीक ठेवली तर आधी पत्र येतं, मग प्लॉट जातो. काहींना ही अट जाचक वाटते. मला ती अगदी योग्य वाटते, कारण कितीतरी माणसं यादीत नाव घालून वाट बघत बसलेली असतात.

तणातलं सगळ्यात चिवट म्हणजे बाइंडवीड. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं खोल जातात आणि कुदळीने तुटलेल्या बोटभर तुकड्यालाही नवा कोंब फुटतो. त्यामुळे इथे कुदळ मारून उपयोग नाही. गुडघे टेकून, काट्याने माती सैल करून, एकेक मूळ अखंड ओढून काढायचं. ते कंपोस्टमध्येही टाकायचं नाही; बादलीत पाण्याखाली कुजवायचं.

९ मे
रात्री पारा शून्याच्या खाली जाणार असा अंदाज होता. संध्याकाळी जाऊन बटाट्याच्या कोंबांवर मातीची भर ओढली, चवळी आणि भोपळ्याच्या रोपांवर फ्लीस, म्हणजे थंडीपासून झाकायचं हलकं पांढरं कापड टाकलं, कडांना विटा ठेवल्या. मेच्या मध्यापर्यंत हिमाची धास्ती असते. तिकडे आई फोनवर सांगते, घामाने जीव नको झालाय, आंबे उतरवायला माणूस मिळत नाहीये. आणि मी इकडे कानटोपी घालून रोपांना पांघरूण घालत असते.

१८ मे
गोगलगायी. शंख नसलेल्या, इथे त्यांना स्लग म्हणतात. मुळ्याची आणि कोबीची कोवळी रोपं रात्रीत भुईसपाट केली. पूर्वी लोक मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या टाकत. २०२२ च्या वसंतापासून ब्रिटनमध्ये त्यांचा उघड्यावरचा वापर बंद झाला, कारण त्या गोळ्या पक्ष्यांच्या आणि हेजहॉगसारख्या (अंगावर काटे असलेल्या) लहान सस्तन प्राण्यांच्याही जिवावर उठत. शेजारी अजून त्याबद्दल हळहळतात. मला मात्र ती बंदी हवीच होती. आमच्या शेडमागे बेडूक राहतात, आणि स्लग खाणारे तेच तर आहेत.

आता मी निमॅटोड घालते. डोळ्यांना न दिसणारे कृमी पावडरीत येतात, झारीच्या पाण्यात मिसळून ओल्या जमिनीवर शिंपडायचे. ते मातीतल्या स्लगच्या अंगात शिरून त्याला मारतात. जमीन ५ अंशांहून उबदार हवी, आणि परिणाम साधारण सहा आठवडे टिकतो. बाकी काम टॉर्चचं. रात्री दहानंतर, पाऊस पडून गेल्यावर, वाफ्यातून हळूहळू फिरत वेचायचं.

२१ जून
आज वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. लेस्टरला पावणेसतरा तासांच्या आसपास उजेड. पुण्यात आजचा दिवस सव्वातेरा तासांचा. इथे भाजी लावताना सगळं या साडेतीन तासांच्या फरकावर अडतं, असं माझं ठाम मत झालं आहे. थंडीचं सगळेच बोलतात, उजेडाचं फार कमी.

मेमध्ये पेरलेली कोथिंबीर आज फुलावर आली. पानं जेमतेम हाताएवढी, आणि मधूनच दांडा वर. पालकाचंही तेच. दिवस मोठा झाला की या झाडांना वाटतं, आता बी धरायची वेळ झाली. उपाय शेजारच्या प्लॉटवरच्या बांनी दाखवला. बा मूळच्या गुजराती, १९७२ मध्ये युगांडातून निघावं लागलं तेव्हा कुटुंबाबरोबर इथे आल्या. आम्ही हिंदीत बोलतो. त्या मेथी किराण्याच्या पाकिटातल्या दाण्यांनीच, दाट पेरतात आणि वीतभर होण्याआधीच मुळासकट उपटतात. फुलायला तिला उसंतच देत नाहीत. लगेच त्याच जागी दुसरी पेरणी. मोठ्या पानाची कोथिंबीर हवी असेल तर ऑगस्टच्या शेवटी पेर, म्हणाल्या. दिवस उतरू लागला की ती हिवाळ्याच्या तोंडापर्यंत नुसता पालाच देते.

उलट गोष्ट वालाची. मी मुद्दाम लावून पाहते आहे. आईने पाठवलेले रायगडचे जुने कडवे वाल, एप्रिलमध्ये खिडकीत कुंडीत रुजवले, जूनच्या सुरुवातीला बाहेर बांबूंवर चढवले. वेल जोरात आहे, पानं काळीभोर. फूल एकही नाही.

१९ जुलै
पाऊस नाही. आमच्या जागेवर नळीने पाणी द्यायला परवानगी नाही. टाक्या भरलेल्या असतात, त्यात झारी बुडवायची आणि वाहून न्यायची. दहा लिटरच्या दोन झाऱ्या, दोन हातांना. भोपळ्याला आणि दोडक्याला आळी केली आहेत, त्यामुळे पाणी मुळाशीच जातं. २०२२ मध्ये आजच्याच तारखेला इथून फार लांब नसलेल्या लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली होती, या देशातली आजवरची सर्वांत जास्त. त्या आठवड्यात सगळ्यांच्या घेवड्याची फुलं गळाली. तेव्हापासून मी गवताच्या काडीचं आच्छादन जूनमध्येच टाकून घेते.

११ ऑगस्ट
करपा आला. बटाट्याच्या पानांवर तपकिरी डाग, पान उलटं केलं की कडेला पांढरी बुरशी. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तो याच रोगाने बटाटा नासल्यामुळे. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा वर आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, असं झालं की इथे करप्याचा इशारा देतात. हटन निकष म्हणतात त्याला. शुक्रवारी इशारा आला, आज डाग दिसले.

क्षणाचाही विचार न करता सगळा पाला जमिनीलगत कापला, पोत्यात भरला, बाहेर नेला. बटाटे मात्र लगेच काढायचे नाहीत. दोन आठवडे तसेच ठेवले की साल घट्ट होते आणि जमिनीवर पडलेले बीजाणू काढताना बटाट्याला लागत नाहीत. पाला कापला की बटाटे वाढायचे थांबतात, म्हणून हात धजावत नाही, हे मला समजतं. पण हा रोग वाऱ्यावर जातो. माझ्या पाल्यावरचे बीजाणू उद्या बांच्या टोमॅटोवर बसणार. सामायिक जमिनीवर भाजी लावायची तर ही जबाबदारी घेतलीच पाहिजे, आणि जे लोक करपलेला पाला आठवडाभर उभा ठेवतात त्यांचा मला मनापासून राग येतो.

बांनी संध्याकाळी त्यांचे अर्धेकच्चे टोमॅटो उतरवून घेतले, मलाही पिशवीभर दिले. हिरव्या टोमॅटोची दाण्याचं कूट घालून चटणी केली.

१२ ऑक्टोबर
वालाला कळ्या आल्या! जांभळट, तुऱ्यासारख्या. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे झाले आणि त्यानंतर लगेच. आईला फोटो पाठवला. तिचा फोन आला. “अगं, तो वाल आहे. भात कापून झालं की ओलीवर टाकायचा, पोपटी लावायच्या दिवसांत शेंगा. त्याला रात्र मोठी लागते, हे आम्ही कधी मोजलं नाही, पण पेरला कधी ते बघ ना.”

बरोबर आहे. नोव्हेंबरची पेरणी, जानेवारीच्या शेंगा. वेलाला इथे उन्हाळाभर दिवसच संपेना, म्हणून तो नुसता वाढत राहिला.

२९ ऑक्टोबर
पहाटे हिम पडलं. वालाचा वेल काळा पडला. शेंगा करंगळीएवढ्या झाल्या होत्या.

१६ नोव्हेंबर
ब्रॉड बीन टोकले. ‘अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया’, जुनी जात, थंडी सोसते. पाच सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर, दोन ओळी. वर बारीक जाळी, कारण उंदीर दाणे उकरून नेतात. हे जूनमध्ये शेंगा देतील. त्यांचे कोवळे दाणे उकळत्या पाण्यातून काढून साल सोललं, आणि नारळ, आमसूल, गूळ घालून शिजवले, की बिरड्याच्या फार जवळ जातं. कडवटपणा नाही, तो वालाचाच. घरी सगळे आवडीने खातात. मला तरी वाल हवेच आहेत.

म्हणून पुढच्या वर्षीचं ठरवलं. चार वाल मोठ्या कुंड्यांत, शेंडे खुडून आखूड ठेवलेले. जुलैच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी सातला त्यांच्यावर काळं जाड कापड टाकायचं, सकाळी सातला काढायचं, कळ्या दिसेपर्यंत. बारा तासांची रात्र त्यांना मी देणार. कापड आत उजेड येऊ देणारं नको आणि खाली हवा खेळती हवी, नाहीतर पानं कुजतील. सकाळची पाळी नवऱ्याने कामावर जाताना घ्यायची, असं आज जेवताना त्याच्याकडून कबूल करून घेतलं.