पुलाच्या तोंडाशी साचलेली माती

व्हरमाँटमधल्या त्या छपराच्या लाकडी पुलावर मी दोन वर्षांपूर्वीही गेले होते. अमेरिकेत 20 फुटांहून लांब सार्वजनिक पुलांची साधारणपणे दर 24 महिन्यांनी तपासणी होते, म्हणून ऑक्टोबरात पुन्हा माझीच पाळी आली. पूल एकोणिसाव्या शतकातला. अलीकडे मक्याचं शेत, पलीकडे चार घरं आणि एक गोठा.

छप्पर कशाला, हे मला प्रत्येक पाहुणा विचारतो. माणसं भिजू नयेत म्हणून नव्हे, लाकूड भिजू नये म्हणून. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजतो. तोच वरून शाकारला आणि बाजूंनी फळ्या मारल्या तर आतली कैची, म्हणजे भार पेलणारा लाकडी सांगाडा, दीडशे वर्षंही टिकते. पूर्वी हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्या पार जाव्यात म्हणून लोक मुद्दाम बाहेरचं बर्फ आणून आत पसरत. आमच्या राजापूरकडे पावसाळा सरला की गावकरी ओढ्यावर नवा साकव घालत, पुढच्या पुराने तो जाणार हे धरूनच. तिथून आलेल्या मला या पुलांचं वय आजही खरं वाटत नाही.

हा पूल जाळीच्या कैचीचा. इथिएल टाउन या वास्तुविशारदाने 1820 मध्ये तिचं पेटंट घेतलं. साधारण तीन इंच जाडीच्या फळ्या तिरक्या, एकमेकींना छेदत उभ्या करायच्या आणि जिथे छेदतील तिथे भोकं पाडून ओकच्या खुंट्या ठोकायच्या. अजस्र तुळया नकोत, अवघड सांधे नकोत. गावची गिरणी फळ्या कापून देई आणि गावचेच सुतार पूल उभा करत. माझे बाबा सुतार. त्यांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी आधी खुंट्या मोजल्या. याच जातीचा कॉर्निश-विंडसर पूल जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी 1866 मध्ये कनेटिकट नदीवर बांधला. सुमारे 450 फूट लांब, आणि त्यावरून आजही मोटारी जातात.

त्या दिवशी मधला भाग हातोडीखाली खणखणीत वाजला. पूर्वेच्या टोकाला, पूल दगडी पायावर टेकतो तिथे, आवाज बद्द झाला. फळीमागे हात घातला तर ओली माती. गाड्यांच्या चाकांबरोबर आत आलेली, बारीक खडीची, कोपऱ्यात घट्ट बसलेली. ती उकरून खालच्या तुळईत टोचा दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मग सुईसारखं बारीक ड्रिल घातलं; आत जाताना लाकूड किती अडवतं, याचा ते आलेख काढतं. सशक्त लाकडात त्याचा आलेख दातेरी, उंच चढतो. इथे दोन फळ्यांमध्ये तो जमिनीलाच चिकटून राहिला. 20 टक्क्यांच्या पुढे ओल गेली की बुरशीला रान मोकळं, आणि ओल मोजणारा मीटर 30 च्या वर दाखवत होता. मी फोन केला आणि दुपारी पूल बंद झाला.

पुराची भीती सगळ्यांना कळते. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुरात बार्टन्सव्हिलचा 1870 चा पूल वाहून गेला, तेव्हा लोक रडले आणि 2013 मध्ये तिथे पुन्हा लाकडाचाच पूल उभा राहिला. मातीसाठी कोणी रडत नाही. गावाला मोठ्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, पण वर्षातून दोनदा फावडं घेऊन जाणारा माणूस काही मिळत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

पण दोन वर्षांपूर्वीचा अहवाल माझाच आहे. त्यात या कोपऱ्याचा फोटो आहे, खाली ओळ आहे: ‘माती साफ करावी.’ तेव्हा ती दोन-तीन बादल्या असेल. माझ्या गाडीत फावडं होतं, बर्फासाठी ठेवलेलं. तपासणाऱ्याने नोंद करायची, कामाला हात लावायचा नाही, अशी आमची रीत, आणि मी ती पाळून समाधानाने घरी गेले.

लाकडी पुलांचंच काम करणारे एक वयस्क सुतार दुसऱ्या दिवशी पाहायला आले. खाली पोलादी तुळया घालायची गरज नाही, म्हणाले. कुजलेली टोकं कापून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची नवी फळी सांधता येईल, बाकीचं सगळं जुनंच राहील. जवळच्या कोरड्या सांध्यातली एक खुंटी त्यांनी ठोकून बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. कोरडी, जड, कातताना पडलेल्या रेषा अजून बोटाला लागत होत्या. तिथून हातभर अंतरावर लाकूड चिमटीत चुरत होतं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग माती काढलीस का गो?”

सकाळी गेले आणि चारही कोपरे साफ केले. वीस मिनिटं लागली.