कर्नल नवा, मेसा नवं, तरीही कार्ड गप्प

लिनक्सवर गेम खेळायला कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: एएमडी घे, कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. मीही एएमडीच घेतलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन. पण त्या "वेगळं काही टाकावं लागत नाही" पायी माझ्या कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

निवड करणं त्या मानाने सोपं होतं. एएमडीची प्रतिस्पर्धी एनव्हिडिया. तिने २०२२ मध्ये आपलं कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, खुलं केलं, तेही ट्युरिंग नावाच्या आणि त्यापुढच्या कार्डांच्या पिढ्यांसाठी. व्हल्कन आणि ओपनजीएल (गेम कार्डाशी ज्यांतून बोलतात त्या दोन पद्धती) यांचा एनव्हिडियाचा स्वतःचा भाग अजून बंदच आहे. एएमडीकडे कर्नलमधला एएमडीजीपीयू आणि मेसा या ग्राफिक्स-संचातला व्हल्कनचा ड्रायव्हर आरएडीव्ही, दोन्ही खुले. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्रही याच जोडीवर चालतं, त्यामुळे प्रोटॉनवरचे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावरचे) गेम इथे आपोआप तपासले जातात. ज्याला क्युडा (कार्डावर गणितं चालवण्याची एनव्हिडियाची सोय) किंवा डीएलएसएस (एआयने चित्र मोठं करण्याची) हवंच आहे त्याने खुशाल एनव्हिडिया घ्यावं. मला दोन्हींची गरज नव्हती.

मी घेतलं आरएक्स ९०७०. ही पिढी मार्च २०२५ मध्ये बाजारात आली आणि तिला कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा आणि मेसा २५.० लागतं. दोन्ही आकडे मी कार्ड घेण्याआधीच पाहून ठेवले होते. माझी डिस्ट्रो, म्हणजे मी वापरतो तो लिनक्सचा प्रकार, सावकाश चालणारी, स्थिर म्हणवणारी. पण तिच्या बॅकपोर्टमध्ये (जुन्या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांत) नवा कर्नल आणि नवं मेसा दोन्ही होतं. ते आधी चढवलं, मग कार्ड बसवलं.

मशीन सुरू झालं आणि डेस्कटॉपही आला. स्क्रीन काळी पडली असती तर निदान बिघाड आहे हे लगेच कळलं असतं. इथे सगळं दिसत होतं, पण रिझोल्यूशन एकाच आकड्यावर अडकलेलं, दुसरा मॉनिटर बंद, खिडकी ओढली की ती हिसके देत मागून येणार. गेम उघडला तर व्हल्कन चालणारं उपकरणच सापडत नाही म्हणाला. जीएलएक्सइन्फो (चित्र कोण काढतंय ते सांगणारी आज्ञा) चालवलं, तर रेंडररच्या ओळीत कार्डाच्या नावाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेलं. म्हणजे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर करतोय आणि कार्ड नुसतं वीज खात बसलंय. ही ओळ ओळखायला शिका. पुढचा अर्धा त्रास तिथेच वाचतो.

डिस्ट्रोच्या मदतपानावर तपासायच्या गोष्टी दोनच: कर्नल आणि मेसा. दोन्ही बरोबर. तक्रार नोंदवली तर उत्तर आलं की कर्नल आणि मेसाची आवृत्ती कळवा. कळवली. त्यावर सल्ला आला की सगळं पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. एकाही उत्तरात कर्नलचा लॉग मागितला नव्हता. शेवटी मीच तो उघडून त्यात एएमडीजीपीयू शोधलं, आणि तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं: फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल लोड झाली नाही, एरर -२. उणे दोनचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल डिस्कवर नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण 'ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो' म्हणणारे नेमकं हेच सांगत नाहीत. कार्डाच्या आत स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात: सुरक्षेसाठी एक, डिस्प्लेसाठी एक, वीज सांभाळायला एक. मशीन सुरू होताना ड्रायव्हर त्या प्रत्येकाला त्याचं फर्मवेअर भरवतो. ते कर्नलसोबत येत नाही. ते 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. माझ्या डिस्ट्रोने बॅकपोर्टमध्ये कर्नल दिला, मेसा दिलं आणि हे पॅकेज मात्र जुनंच ठेवलं. या पॅकेजची आवृत्ती म्हणजे चक्क तारीख असते: वर्ष, महिना, दिवस. ती कार्ड बाजारात येण्याच्या आधीची असेल तर पुढे शोधायची गरजच नाही. एवढी एक ओळ मदतपानावर लिहायला काय हरकत होती?

लिनक्स-फर्मवेअरच्या मूळ भांडारातून एएमडीजीपीयूच्या फाइली उतरवल्या आणि फर्मवेअरच्या फोल्डरात 'अपडेट्स' असा उपफोल्डर करून त्यात ठेवल्या. कर्नल तिथे आधी शोधतो. रिस्टार्ट केलं, तर पुन्हा तोच एलएलव्हीएमपाइप! कारण ड्रायव्हर मुख्य डिस्क उघडण्याआधीच, इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या फाइलींच्या छोट्या प्रतिमेतून) लोड होत होता आणि त्या प्रतिमेत नव्या फाइली नव्हत्या. ती प्रतिमा नव्याने बांधली, मशीन परत सुरू केलं, आणि मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनला उजळला. व्हल्कनइन्फोमध्ये कार्डाचं नाव आणि शेजारी आरएडीव्ही दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कुणाच्या मदतीशिवाय मुळापर्यंत पोचलो याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

त्यानंतर स्टीम, प्रोटॉन, गेम, सगळं सुरळीत. फक्त ३२-बिटचं मेसाही टाका, नाहीतर जुने ३२-बिट गेम उघडत नाहीत. स्टीम फ्लॅटपॅकमधून (डिस्ट्रोपासून वेगळ्या पॅकेज-पद्धतीतून) घेतलं असेल तर ते सिस्टीमचं मेसा वापरत नाही, स्वतःच्या रनटाइममधलं वापरतं. तेव्हा फ्लॅटपॅकही वेगळं अपडेट करावं लागतं.

मॉनिटर डिस्प्लेपोर्टनेच जोडा, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. फोर-के आणि १२० हर्ट्झ हवं असेल तर केबल निवडताना हे आठवा. आणि ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळत असाल तर कार्डाआधी त्या गेमची अँटी-चीट (फसवणूक रोखणारी यंत्रणा) पाहा. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, मग कार्ड कुठलंही घ्या.

एनव्हिडिया घेणाऱ्यांनी ड्रायव्हर डिस्ट्रोच्याच पॅकेजमधून घ्यावा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू न होऊ देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला तर तो लक्षात ठेवा, पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर तोच द्यावा लागतो.

हाताने फर्मवेअर टाकणाऱ्यांसाठी अजून एक. डिस्ट्रोने नवं पॅकेज दिलं की 'अपडेट्स'मधल्या फाइली काढून टाका आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. त्या तिथे राहिल्या तर कर्नल त्याच आधी उचलतो आणि पॅकेज कितीही नवं आलं तरी कार्ड जुन्याच फर्मवेअरवर चालत राहतं.